सहाव्या माळेला सुटलेली गाडी

बुवांचा पूर्वरंग नुकताच संपला होता. कमरेचं उपरणं आवळून ते आख्यानाला उभे राहिले. झांज वाजली, पेटीने सूर धरला, आणि त्याच सुराखालून दुसरा एक आवाज वर येऊ लागला.

मोटारीचा.

साल त्र्याहत्तर, नवरात्राची सहावी माळ. गांधीबागेमागच्या देवीच्या देवळात कीर्तन दुपारी चारला बसायचं. पुढच्या रांगेत विश्वनाथराव डोळे मिटून बसले होते. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव. पोटापाण्याला मात्र ते सरकारी मोटार निरीक्षक. अपघातातली गाडी तपासायची आणि दोष माणसाचा की यंत्राचा ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांचा अर्धा कान झांजेचा होता आणि अर्धा इंजिनाचा.

आवाज वाढला. मग आणखी वाढला. गाणाऱ्याने एकेक पायरी वर जावं तसा चढत गेला. झांज त्यात बुडाली. बायांच्या किंकाळ्या उठल्या, लाकूड कडकडून मोडलं, आणि तो चढलेला आवाज एकदम खाली बसला.

सगळ्यांसारखे विश्वनाथरावही अनवाणीच बाहेर धावले.

काळी अँबॅसडर हारांच्या दुकानात घुसली होती. शेवंती आणि झेंडू रस्ताभर सांडले होते. हारवाली प्रयागबाई फळ्यांखाली पडली होती आणि तिचा उजवा पाय चाकाखाली होता. दहा जणांनी गाडी उचलून तिला ओढून काढलं. उरलेल्या पन्नास जणांनी ड्रायव्हरला धरलं.

"मारा साल्याले!"

"बाईले चिरडून टाकलं गा यानं!"

गाडीच्या मागच्या सीटवरून बाबनराव उतरले. पांढरं धोतर, वर कोट, इस्तरीची घडीसुद्धा मोडली नव्हती. बाबनराव म्हणजे बांधकामाचे मोठे ठेकेदार, वरून उत्सव समितीचे अध्यक्ष. देवीचं दर्शन घेऊन ते नुकतेच गाडीत बसले होते.

"थांब थांब म्हणून ओरडलो मी!" ते गर्दीला सांगत होते. "हरामखोर रेस दाबूनच बसला. प्यायला असेल!"

ड्रायव्हरच्या ओठातून रक्त येत होतं. "मी नाही दाबली जी. ते आपोआप गेली."

"आपोआप? घोडी आहे का बे?" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हात उगारला.

तो हात विश्वनाथरावांनी वरच्या वर धरला. एरवी ते कचेरीची शुद्ध भाषा बोलत; संताप आला की घरची बोली तोंडात येई. "पयले मले मारा!" ते गरजले. "देवीच्या दारात उभे राहून माणूस मारून राहिले तुम्ही? लाज नाही वाटत?"

हात खाली आले. हवालदार चंद्रभान येईपर्यंत विश्वनाथराव त्या माणसासमोर तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठाण्यावर गेले, तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जावी अशीच बातमी होती. रस्ता अडला म्हणून चंद्रभानने गाडी ढकलत बाबनरावांच्या आवारात नेऊन ठेवली होती. पंचनामा आज सकाळी झाला होता.

"पंचनाम्याआधी गाडी मालकाच्या घरी?"

"गर्दी पाहिली ना साहेब तुम्ही. आन् बाबनराव म्हणजे कोणी ऐरागैरा आहे का?" चंद्रभानने वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं. "तुमचंही काम सोपं झालं, हे पाहा. रेसच्या पायडलात अडकली होती."

आत एक चप्पल होती. उजव्या पायाची, टायरच्या तळाची. अंगठा झिजलेला.

"चप्पल अडकली, पायडल दबलं ते दबलंच राह्यलं. तुम्ही चालकाचा दोष लिहा, मी कागद कोर्टात धाडतो. प्रयागबाईचा पाय गुडघ्याखाली कापला साहेब काल. याले सोडलं तं लोक ठाणं जाळतीन."

विश्वनाथरावांनी चप्पल हातात घेतली. उलटीपालटी केली. तिच्यावर बारीक धूळ बसली होती. वरही आणि आतही.

"ड्रायव्हरला आणा."

शालिकराम पन्नाशीचा, काटकुळा माणूस. घराणं उमरेडच्या विणकरांचं. हातमाग बसले तसा तो मोटारीवर आला. पंधरा वर्षं बाबनरावांकडे होता. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून, पाय पुढे करून बसला. उजव्या तळव्याच्या मधोमध दोन आडव्या लाल रेघा उमटल्या होत्या.

"हे काय लागलं?"

"ब्रेकच्या पायडलचं रबर गेलं आहे साहेब. पट्टी रुतली."

"काय झालं ते पहिल्यापासून सांग गा, शालिकराम."

त्याने आधी हवालदाराकडे पाहिलं.

"साहेब विचारून राहिले ना?" चंद्रभान खेकसला. "विचारलं तेवढंच बोलजो. पोथी नको लावू."

"पयला गिअर टाकला, जराशी रेस दिली. देवळापुढं चढ आहे थोडा. तं आवाज वाढतच गेला. मी रेसवरचा पाय काढला."

"नक्की काढला?"

"काढला म्हणून तं ब्रेकवर ठेवला, साहेब. उजवा पाय एकच आहे मले."

"मग?"

"ब्रेकले जुमानेना. समोर मांडवाचं दार, तिथी साऱ्या बाया बसल्या होत्या. म्हणून स्टेरिंग दुकानाकडं ओढलं. दुकानात कोणी दिसलं नाही जी. प्रयागबाई खाली वाकून फुलं निवडत होती." त्याने तोंडावर हात फिरवला. "मंग क्लच दाबला. तवा आवाज खाली बसला, गाडी थांबली."

"ही चप्पल तुझी का?" चंद्रभानने मध्येच विचारलं.

"हो जी. माझीच."

"झालं! पाहा साहेब, कबूल आहे."

शालिकरामने आणखी काही बोलायला तोंड उघडलं.

"बस. विचारलं तेवढं झालं," हवालदार म्हणाला.

ठाण्याच्या पायरीवर शालिकरामची बायको वच्छला बसली होती. विश्वनाथरावांना पाहून ती उठली, पण पदर सावरला नाही की हात जोडले नाहीत.

"तुम्हीच का जी ते कागदवाले?"

"हो."

"मंग आइका. पोरगी टायफाइडातून वाचली म्हणून आमच्या माणसानं यंदा नवरात्र धरलं. कडक. सहा दिवस झाले, मूठभर शेंगदाणे अन् पाणी. आन् तो बाबनराव साऱ्या मोहल्ल्यात सांगून राहिला का दारू पेला होता! सकाळी दवाखान्यात गेली मी, तं प्रयागबाईच्या लेकीनं तोंडावर दार लावलं. तिचं काही चुकलं नाही. पण यानं केलं नाही ते." तिचा आवाज फुटला, पण डोळे कोरडे होते. "तुम्ही काय लिहान?"

"जे खरं असेल ते."

"आमच्याकडं खरं किती दिवस टिकते, साहेब?"

एका ओळीचं तर काम. 'चालकाचा दोष' एवढं लिहिलं की हा माणूस तुरुंगात, लायसन कायमचं गेलं, आणि मरेपर्यंत बाईचा पाय तोडणारा म्हणून नाव. चपलेचं पुडकं घेऊन विश्वनाथराव सायकलवर बसले आणि सरळ बाबनरावांच्या आवारात गेले.

बाबनराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "या, या. बघून घ्या गाडी. मला विचारू नका बरं, मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. मी विटा-सिमेंटचा माणूस. मागे बसतो, बस."

विश्वनाथरावांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा खोकलं.

"चोक अर्धाच खेचा," पेपरामागून बाबनराव म्हणाले.

इंजिन लागलं. विश्वनाथरावांनी रेस देऊन पाहिली. आवाज चढला, सोडल्यावर उतरला. मग पहिला गिअर टाकून ब्रेकवर जोर देऊन पाहिला. तरीही सगळं ठाकठीक. मग त्यांनी बोनेट उघडलं आणि बराच वेळ वाकून राहिले. इंजिनावर तेल आणि धूळ यांचा काळा थर होता, बोटाने खरवडावा असा. फक्त डाव्या अंगाला खाली, एका जागी, दोन नट चकचकीत होते.

"दोष नाही ना गाडीत?"

"आत्ता नाही," विश्वनाथराव म्हणाले.

घरातून बाबनरावांच्या पत्नी पुष्पलताबाई पाणी घेऊन आल्या.

"वहिनी, शालिकराम कसा माणूस आहे?"

"कसा म्हणजे? गरीब गाय हो. परवाच त्याच्या तळव्यातला काटा मी सुईनं काढला. बाभळीचा, एवढा मोठा. हळद भरली तर म्हणतो, बाईसाहेब, पाय नका धरू, पाप लागेल मले."

"ही चप्पल ओळखता?"

"त्याचीच. पडवीत असते, पोत्यामागं." बोलता बोलता त्या थबकल्या. चपलेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आणि रिकामा पेला न घेताच आत निघून गेल्या.

आवाराला लागूनच बाबूलालचं गॅरेज होतं. बाबूलाल साठीचा मिस्त्री, कमी बोलणारा.

"ही गाडी शेवटची कधी पाहिली?"

"महिना झाला. शालिक घेऊन आला होता. म्हणे, चढावर आवाज येते. मी बोनेट उघडलं नाही तोच मालकाचा निरोप आला, गाडी वापस पाठवा, विदर्भभर हिंडायचं आहे."

"काल संध्याकाळपासून हात लावला?"

"देवीची आण. नाही लावला."

"तुमचं आणि शालिकरामचं काही भांडण?"

"भांडण कायचं साहेब? मस्करी चालते. मालकानं फाटकात नवी खडी टाकली ना, तं चार दिवसांपासून तो तिच्यावरून उड्या मारत जाऊन राहिला. मी म्हटलं, काहून बे शालिक, गरबा शिकला का?" बाबूलाल हसला. मग त्याने चप्पल पाहिली आणि त्याचं हसू मावळलं.

विश्वनाथरावांनी सायकलला टांग मारली. दुपारी बारा वाजता परत येतो म्हणाले.

बारा वाजता आवारात सगळे होते. खुर्चीत बाबनराव, दारात पुष्पलताबाई, गॅरेजच्या भिंतीला टेकलेला बाबूलाल. चंद्रभान शालिकरामला घेऊन आला होता आणि मागोमाग न बोलावता वच्छलाही आली होती.

विश्वनाथरावांनी कागद काढला, पेन उघडलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबनराव, रामटेकला तुमचं धर्मशाळेचं काम चाललंय ना? कुठवर आलं?"

"स्लॅब पडला. दिवाळीपर्यंत उरकतो."

"छान. फाउंडेशन केव्हा बदललं?"

"कोण म्हणतं बदललं?" बाबनराव ताडकन म्हणाले. "मी हात लावला नाही. गाडी आली तशीच उभी आहे!"

"गाडीचं नाव कोणी काढलं?" विश्वनाथराव हळूच म्हणाले. "हवालदार, फाउंडेशन म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

चंद्रभानने डोकं खाजवलं. "मले वाटलं धर्मशाळेचा पाया. मी मनात म्हटलं, स्लॅब पडल्यावर पाया कोणी बदलते का?"

"बरोबर. कोणालाही तेच वाटेल. त्यातून हा माणूस उभा जन्म पाये खणतोय, आणि त्याला आठवली मोटार. कारण मिस्त्री लोकांच्या भाषेत फाउंडेशन म्हणजे इंजिनाखालची रबराची गादी. मोटारीतलं ओ की ठो न कळणाऱ्याला तो शब्द ठाऊक नसतो. आणि बंद पडलेल्या गाडीला चोक अर्धा लागतो हेही ठाऊक नसतं."

"ठाऊक नसायले काय झालं?" भिंतीजवळून बाबूलालचा आवाज आला. सकाळपासून दाबून ठेवलेला. "पंचवीस वर्षांपयले एकाच वस्तादच्या हाताखाली होतो आम्ही दोघं. माझ्यापेक्षा चांगला पाना चालवे हा."

"तू गप बस!" बाबनराव ओरडले.

"आता तुम्ही गप बसा," विश्वनाथराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढू लागला. "ऐका सगळे. काल मी कीर्तनात डोळे मिटून बसलो होतो, म्हणून मला हे सापडलं. उघडे असते तर लोकांसारखंच मीही फक्त रक्त पाहिलं असतं. गाडीचा आवाज पायरीपायरीने चढला आणि शेवटी एकदम बसला. चप्पल अडकली असती तर पायडल एका जागी धरलं गेलं असतं. सूर असा पायऱ्यांनी चढला नसता. आणि क्लच दाबल्याबरोबर मोकळं झालेलं इंजिन दुप्पट किंचाळलं असतं. ते बसलं. काहून बसलं?"

त्यांनी बोनेटवर हात ठेवला.

"इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं. डावी गादी फाटली, की चढावर जोर पडताच इंजिन एका अंगाने उचलतं. रेसची दांडी गाडीच्या पत्र्याला बांधलेली. इंजिन उचललं की दांडी ओढली जाते, दांडी ओढली की रेस वाढते, रेस वाढली की इंजिन आणखी उचलतं. पाय नको, चप्पल नको. गाडी स्वतःच स्वतःला रेस देते. क्लच दाबला की जोर सुटतो, इंजिन गादीवर परत येतं आणि मुकाट होतं. शालिकरामने सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आज त्या जागी नवी गादी आहे आणि दोन नट चकाकतायत. ती काल संध्याकाळी तिथे आपोआप उगवली नाही."

"मग चप्पल?" चंद्रभान चाचरत म्हणाला. "तो तं म्हणे माझीच."

"तुम्ही विचारलं चप्पल तुझी का. तो म्हणाला माझी. पायात होती का, हे तुम्ही विचारलं नाही, आणि विचारल्याबाहेर बोलायची त्याला बंदी. शालिकराम, चप्पल शेवटची केव्हा घातली?"

"घट बसायच्या आदल्या दिवशी, जी. नवरात्र धरलं की नऊ दिवस पायात काही घालत नाही. पडवीत ठेवली होती."

"म्हणून ब्रेकची पट्टी उघड्या तळव्यावर उमटली. म्हणून चपलेच्या आतसुद्धा सहा दिवसांची धूळ. आता एवढंच राहिलं, की ती पायडलात कोणी कोंबली? ज्याला हा अनवाणी आहे हे माहीत होतं, तो हे करणार नाही. वहिनींना माहीत होतं, त्यांनी काटा काढला. बाबूलालला माहीत होतं, तो खडीवरच्या उड्यांना हसला. हारवालीलाही माहीत असेल." ते बाबनरावांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. आता शुद्ध भाषा पार गळून पडली. "सहा दिवस हा माणूस तुमच्यासमोर उघड्या पायानं उभा होता. एक हात पुढं बसून गाडी चालवत होता. देवीचा उत्सव भरवता, अध्यक्ष म्हणून हार घालून घेता, आन् तुमच्याच ड्रायव्हरनं नवरात्र धरलं हे तुम्हाले दिसलं नाही? पंधरा वर्षांत एकदा तरी मान खाली घालून पाहिलं का हो त्याच्याकडं?"

बाबनरावांची नजर शालिकरामच्या पायांवर गेली. "मला वाटलं... चालेल अजून महिनाभर. उत्सवात गाडी उभी कशी ठेवणार? चारचौघांत अध्यक्ष पायी येणार का?"

"मालक, मी तीनदा सांगतलं होतं तुम्हाले," शालिकराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुम्ही म्हणले, हळू चालव."

"आणि नाव याचं घेतलं," दारातून पुष्पलताबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी कोट काढून पडवीतून हत्यारांची पेटी नेली तुम्ही. मी विचारलं, तर म्हणालात, झुल्याची कडी घट्ट करतो." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग काढलाही. "मी कोर्टात सांगेन हे."

विश्वनाथरावांनी कागद गुडघ्यावर ठेवून तिथेच लिहिला. यांत्रिक दोष, मालकास पूर्वकल्पना, पुराव्यात फेरफार. खाली सही केली आणि तो चंद्रभानच्या हातात दिला. चंद्रभानने तो दोनदा वाचला. मग शालिकरामच्या दंडाला बांधलेली दोरी सोडली.

"प्रयागबाईले कोण सांगन?" शालिकरामने विचारलं.

"मी सांगतो. आता जातो," विश्वनाथराव म्हणाले. "पाय नाही देऊ शकत तिला. खरं तरी देतो."

"मीही येते. पाहू आता कोण दार लावते," वच्छला म्हणाली.

हवालदाराच्या निरोपावरून फाटकात पोलिसांची मोटार येऊन थांबली. चंद्रभानने बाबनरावांना पुढे घातलं. मोटारीपाशी पोचल्यावर ते सवयीने दाराच्या बाजूला सरून उभे राहिले. आणि पंधरा वर्षांच्या सवयीने शालिकराम दार उघडायला पुढे धावला.

वच्छलाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "त्याले हात आहेत."